मराएवर कॅमेरा बाहेर कधी काढायचा: माओरी मेळावे आणि प्रार्थनासभांचं छायाचित्रण

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड, वेलिंग्टन, क्राइस्टचर्चला राहणाऱ्या मराठी माणसाला आज ना उद्या मराएवर, म्हणजे माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या सभास्थानी, बोलावणं येतंच. कधी सहकाऱ्याच्या घरचं कार्य असतं, कधी मुलांच्या शाळेचा मुक्काम, कधी शेजाऱ्यांच्या चर्चचा वार्षिक मेळावा. हातात चांगला कॅमेरा असला की "जरा फोटो काढशील का?" असंही कोणीतरी म्हणतं. गडबड तिथून सुरू होते. हौशी छायाचित्रकार लेन्सवर आठवडाभर विचार करतो आणि दारातून आत कसं जायचं यावर पाच मिनिटंही नाही. मराएवरच्या बहुतेक चुका कॅमेऱ्याच्या सेटिंगच्या नसतात, क्रमाच्या असतात. कॅमेरा दहा मिनिटं लवकर बाहेर निघालेला असतो, बस.

आधी चार शब्द. मराए म्हणजे एका हापूची, म्हणजे कुळाची, जागा. समोरचं मोकळं अंगण म्हणजे मराए आतेआ, सभागृह म्हणजे फारेनुई, जेवणघर म्हणजे फारेकाई आणि दफनभूमी म्हणजे उरुपा. यजमान ते तांगाता फेनुआ, पाहुणे ते मानुहिरी. आम्ही 'कारांगा', 'तांगी' असं लिहितो, पण तिथला 'ग' सुटा ऐकू येत नाही. 'वाङ्मय'मधला 'ङ' आठवा, तोच उच्चार.

## टप्पा १: परवानगी नेमकी कोणाची

ज्यानं बोलावलं त्याची परवानगी पुरेशी नसते. तीन ठिकाणी विचारायचं असतं. मराएच्या समितीला जागेबद्दल विचारायचं. ज्या फानाऊचं, म्हणजे विस्तारित कुटुंबाचं, कार्य आहे त्यांना प्रसंगाबद्दल विचारायचं. प्रार्थना असेल तर ती चालवणाऱ्यालाही विचारायचं. यातला एक जरी 'नको' म्हणाला तरी नको.

जमेल तर प्रत्यक्ष भेटून विचारा. ईमेलनं आलेला होकार आणि समोर बसून चहा घेताना मिळालेला होकार यांचं वजन तिथं सारखं नसतं. विचारताना 'फोटो काढू का?' इतकंच म्हणू नका. कशाकशाचे काढायचे, कुठं दिसणार, कोण कोण पाहणार, हे सगळं सांगा. काउमातुआ, म्हणजे घरातली जाणती वडीलधारी मंडळी, यांच्याशी कोणी ओळख करून देणार का तेही याच भेटीत ठरवा.

सावधान: कार्यक्रमात दहाजण फोनवर थेट प्रक्षेपण करत असतील. ते घरचे आहेत. त्यांचा फोन चालतो म्हणून तुमचा कॅमेरा चालेल असं धरू नका.

## टप्पा २: एका पानावर लिहून घ्या

लांबलचक करार नको, एक पान पुरे. त्यात पाच गोष्टी हव्यात: कोणते भाग टिपायचे, कोणते नाहीत, प्रसिद्धीपूर्वी निवड कोण पाहणार, मूळ फाइली कोणाकडे राहणार, आणि नंतर कोणी 'हा काढून टाका' म्हटलं तर किती दिवसांत काढणार.

हक्काचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण दोन्ही बाजूंना तो उलटाच वाटत असतो. न्यूझीलंडच्या १९९४ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी पैसे देऊन, किंवा द्यायचं कबूल करून, फोटो काढून घेतले असतील आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. फुकट काढून दिले तर तो छायाचित्रकाराकडे राहतो. म्हणजे प्रेमापोटी फुकट काम केलंत की घरच्यांच्याच प्रसंगाचे हक्क तुमच्या नावावर येतात. ते तसं व्हायला नको असेल तर 'फानाऊला कायम वापराचा हक्क, बाहेर वापर त्यांच्या होकारानं' हे वाक्य त्या पानावर असू द्या.

तपासा: ज्यानं पान वाचलं त्याच्याकडे एक प्रत आहे ना?

## टप्पा ३: कॅमेरा घरीच गप्प करा

तिथं जाऊन मेन्यू चाळत बसायला वेळ नसतो. आदल्या रात्री एवढं करून ठेवा:

१. बीप बंद. फोकसला मदत करणारा लाल किंवा हिरवा दिवा बंद. फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर आपोआप दिसणं बंद. अंधाऱ्या सभागृहात तो पडदा दिव्यासारखा चमकतो.

२. फ्लॅश घरी ठेवा. बॅगेत असला की मोह होतो.

३. मूक शटर लावा, पण आत दिव्यांखाली शटरगती १/५० किंवा १/१०० वर ठेवा. न्यूझीलंडची वीज भारतासारखीच ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मूक शटर चित्र ओळीओळीनं वाचतं. गती १/२५० केली की फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि ते नंतर निघत नाहीत. मंद केलेले एलईडी दिवे याहून लहरी असतात, म्हणून आत गेल्यावर एक चाचणी फोटो मोठा करून बघाच.

४. दोन लेन्स पुरतात: ३५ मिमी आणि ८५ मिमी, दोन्ही एफ १.८ किंवा त्याहून उजळ. ७०-२०० मिमीची लांब लेन्स बाहेरच्या अंगणासाठी ठीक आहे, पण आत ती लांबून रोखल्यासारखी वाटते.

५. रॉ स्वरूप, आणि दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. दिवसभराच्या ६०० फोटोंना १८ जीबी लागतात.

कपडे साधे आणि अंग झाकणारे घाला. तांगी, म्हणजे अंत्यविधी, असेल तर काळे. बूट सहज निघणारे असावेत, मोजे बिनभोकाचे. शिवाय एक पाकीट: कोहा, म्हणजे यजमानांना द्यायची भेट, त्यात ठेवतात. समूहानं जाताना ते सहसा आधीच गोळा करून एका पाकिटात घालतात, म्हणून फाटकाबाहेरच कोणाकडे द्यायचं ते विचारा.

## टप्पा ४: आधी पाहुणा, मग छायाचित्रकार

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. पोफिरी म्हणजे स्वागताचा विधी. तो होईपर्यंत तुम्ही परके असता. हौशी छायाचित्रकार काय करतो? अर्धा तास आधी येतो, फाटकातून सरळ आत जातो आणि यजमानांच्या बाजूला तिपाई लावून पाहुण्यांची वाट बघतो. त्याचं स्वतःचं स्वागत झालेलंच नसतं. पुढं कितीही नम्रपणे वागला तरी त्या जागेवर तो न बोलावता शिरलेलाच राहतो.

योग्य क्रम असा:

१. फाटकाबाहेर थांबा. कॅमेरा बॅगेत, बॅग बंद.

२. आतून कारांगा, म्हणजे स्त्रीच्या आवाजातली हाक, येईपर्यंत हलायचं नाही. मग समूहाबरोबर सावकाश चालायचं. साधारणपणे बायका पुढं, पुरुष मागं किंवा बाजूनं असतात. समूहातले जाणते सांगतील तसं. तुमच्या बाजूनं उत्तर देणाऱ्या बाईच्या पुढं जायचं नाही.

३. अंगणात मध्येच सगळे थांबतात. ते मृतांसाठी असतं. मान खाली, हात मोकळे.

४. बसताना पहिला बाक वक्त्यांचा. बहुतेक ठिकाणी तो पुरुषांचा असतो. महिला छायाचित्रकारांनी मागच्या रांगेत बसावं.

५. भाषणं आणि कोहा झाल्यावर रांगेत होंगी आणि हारीरू: नाक आणि कपाळ हळूच टेकवायचं, हात हातात घ्यायचा.

६. मग जेवण किंवा चहा. खाल्लं की स्वागत पूर्ण झालं.

कॅमेरा यानंतर.

पाचव्या पायरीवर एक बारीक गोष्ट. गळ्यात कॅमेरा लटकत असेल तर होंगीसाठी पुढं झुकलं की तो समोरच्या आजींच्या छातीवर किंवा काठीवर आपटतो. दर मोठ्या मेळाव्यात हे कोणाचं ना कोणाचं होतं. म्हणून रांगेत उभं राहण्याआधी बॅग पाठीवर, पट्टा आवळलेला. पाया पडायलाही वाकू नका. आपल्याकडचा आदर तिथं गोंधळ करतो.

मग पोफिरीचेच फोटो हवे असतील तर? यजमानांना आधी सांगायचं. ते तुम्हाला आदल्या दिवशी किंवा सकाळच्या पहिल्या समूहाबरोबर आत घेतात. तुमचं स्वागत झालं की पुढच्या समूहांच्या वेळी तुम्ही यजमानांच्या बाजूनं, ते दाखवतील त्या जागी उभं राहू शकता.

## टप्पा ५: अंगणातले फोटो

एकच रेषा लक्षात ठेवा: यजमानांचा बाक, म्हणजे पाएपाए, आणि पाहुण्यांचा बाक यांच्यामधली जागा. भाषणं चालू असताना ती ओलांडायची नाही. कडेला एक जागा पकडा आणि तिथंच राहा. दुसरा कोन हवा असेल तर मधल्या जेवणाच्या वेळी बदला.

भाषणांचा क्रम मराएगणिक वेगळा असतो. काही ठिकाणी यजमानांचे सगळे वक्ते आधी बोलतात, मग पाहुण्यांचे. तेआरावा आणि वाइकातो भागात आळीपाळीनं बोलतात. हे आधी विचारून ठेवलं की कोहा कधी ठेवला जाणार ते कळतं, कारण पाहुण्यांचा शेवटचा वक्ता तो जमिनीवर ठेवतो. प्रत्येक भाषणानंतर वाइयाता, म्हणजे गाणं, होतं आणि वक्त्याच्या पाठीशी त्याची माणसं उभी राहतात. खरा फोटो तिथं आहे: एकट्या वक्त्याचा नाही, त्याच्यामागं उभ्या राहिलेल्या लोकांचा.

उजेडाचं गणित. भर उन्हात अंगणात आयएसओ २००, एफ ५.६ ला १/१६०० मिळतं. फारेनुईच्या ओसरीच्या सावलीत बसलेल्या आज्यांसाठी त्याच सेटिंगवर १/१०० लागतं. चार स्टॉपचा, म्हणजे सोळापट उजेडाचा, फरक. एकाच फोटोत दोन्ही पकडायचा हट्ट सोडा. उजेड चेहऱ्यासाठी मोजा, अंगण पांढरं पडलं तर पडू द्या. कॅमेऱ्याच्या आपोआप मोजणीवर सोडलं की उलटं होतं आणि नेमक्या वडीलधाऱ्या बायका काळ्या सावलीत जातात.

सावधान: सगळे काळ्या कपड्यांत असतील तर कॅमेरा चित्र उगाच उजळवतो आणि काळा रंग राखाडी होतो. मोजणी पाऊण ते एक स्टॉप खाली आणा.

## टप्पा ६: फारेनुईच्या आत

फारेनुई म्हणजे पूर्वजाचं शरीर अशी समजूत आहे: मधला आढा हा कणा, वासे या बरगड्या. तुम्ही एका माणसाच्या आत उभे आहात असं धरून वागा. बूट बाहेर. आत खाणंपिणं नाही. गाद्या घातलेल्या असतील तर त्यांच्यावर उभं राहून उंचीचा कोन घ्यायचा नाही. उशीवर बसायचं नाही, कॅमेराही ठेवायचा नाही. उशी डोक्याची असते आणि डोकं तापू, म्हणजे पवित्र, मानलेलं. झोपलेल्या किंवा बसलेल्या माणसाच्या पायांवरून ओलांडून जायचं नाही, वळसा घाला.

तापूचं भाषांतर मराठी माणूस मनातल्या मनात 'सोवळं' असं करतो. दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या एवढंच त्यात सारखं आहे. जातीनं कोणी कमी-जास्त ठरण्याशी तापूचा काही संबंध नाही. ती सांगड डोक्यातून काढा, नाहीतर फोटोंखालच्या ओळी चुकीच्या लिहाल.

भिंतीवर लावलेले दिवंगतांचे फोटो आणि कोरीव खांब ही सजावट नाही. तुमच्या चौकटीत मागं येणं वेगळं आणि एकेका खांबाचे जवळून फोटो काढत फिरणं वेगळं. दुसऱ्यासाठी स्वतंत्र विचारा.

उजेड बहुधा समोरच्या दारातून आणि एका खिडकीतूनच येतो. दाराकडे पाठ करून बसा. आयएसओ ३२००, एफ २, १/१०० वर चेहरे नीट येतात. गुडघ्यावर किंवा मांडी घालून काढा. उभ्या माणसाचा कोन तिथं नुसता वाईट दिसतो असं नाही, इतरांच्या वर उभं राहणं उद्धटही वाटतं.

## टप्पा ७: प्रार्थनासभा

सगळी माओरी चर्च एकसारखी नाहीत.

राताना. व्हांगानुईजवळच्या राताना पा या गावी २५ जानेवारीला, या चर्चचे संस्थापक ताहुपोतिकी विरेमु राताना यांच्या जन्मदिवशी, हजारो लोक जमतात. पितळी वाद्यांचे बँड हे तिथलं मोठं दृश्य. दुपारच्या उन्हात वाद्यांवरची चमक जळते, म्हणून मोजणी वाद्यावर करा किंवा सकाळ-संध्याकाळ साधा. जानेवारीत तिथं साडेआठपर्यंत उजेड असतो. १९२८ मध्ये खुलं झालेल्या मंदिराच्या दोन मनोऱ्यांवर आरेपा आणि ओमेका ही नावं आहेत. समोरून फोटो घेताना दोन्ही वाचता येतील अशी जागा बघा. पांढरे पोशाख चौकटभर असतील तर पाऊण स्टॉप वर जा. राजकीय नेते येतात तेव्हा वार्ताहर पुढं घुसतात. त्यांच्या मागं जाऊ नका. त्यांना मिळालेली मोकळीक त्या तासापुरती असते, मंदिराच्या आतली नसते.

रिंगातू. इथं स्वतंत्र चर्चची इमारत बहुधा नसते, सभा फारेनुईतच होते. दर महिन्याच्या १२ तारखेची प्रार्थना महत्त्वाची. प्रार्थना आणि स्तोत्रं पाठ म्हणतात, हातात पुस्तक नसतं, म्हणून 'वाचताना' असा फोटो शोधू नका. प्रार्थना चालू असताना मूक शटरसुद्धा नको; तुमची हालचालच लक्ष वेधते. दोन भागांच्या मधल्या वेळात काढा.

मिहिनारे, म्हणजे अँग्लिकन. रोटोरुआच्या ओहिनेमुतुमधल्या सेंट फेथ्स चर्चमध्ये काचेवर कोरलेला येशू माओरी झगा पांघरून मागच्या तलावावर चालताना दिसतो. ते पाहून कॅमेऱ्याकडे हात जातोच. आधी दारावरची सूचना वाचा, मग आतल्या माणसाला विचारा. भाविक आत बसलेले असताना पर्यटकासारखं फिरू नका.

तपासा: काराकिया, म्हणजे प्रार्थना, सुरू झाली की कॅमेरा मांडीवर. ती जेवणाआधी होते, प्रवासाआधी होते, बैठकीच्या शेवटीही होते. कोणी डोळे मिटले, मान झुकवली, की थांबा.

## टप्पा ८: स्वयंपाकघर

सगळ्यात जिवंत फोटो इथं मिळतात आणि बहुतेकजण इथं येतच नाहीत. पहाटेपासून बटाटे सोलणारे, हांगीसाठी, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात शिजवायच्या जेवणासाठी, दगड तापवणारे लोक रिंगावेरा, म्हणजे 'गरम हातांचे', म्हणवतात. पण आधी अर्धा तास भांडी पुसा. कोणी सांगेपर्यंत थांबू नका, पंचा उचला.

त्याच पंचानं लेन्स मात्र पुसू नका. भांड्याचा पंचा फक्त भांड्यांचा. तो इतर कपड्यांबरोबर धुतही नाहीत. बॅग, टोपी, कॅमेरा जेवणाच्या टेबलावर नको, आणि टेबलावर बसणं तर नकोच. हांगी उघडताना वाफेचा लोट येतो: मागून उजेड घ्या, १/५०० ठेवा आणि दोन मीटर लांब राहा, कारण वाफेनं लेन्स धुरकटली तर पुसेपर्यंत क्षण जातो.

## टप्पा ९: तांगी आणि उरुपा

तांगीहांगा साधारण तीन दिवस चालते. इथला नियम छोटा आहे: घरच्यांनी स्वतःहून बोलावल्याशिवाय कॅमेरा न्यायचा नाही, आणि शोक चालू असताना परवानगी मागायलाही जायचं नाही. बोलावलं असेल तरी तूपापाकू, म्हणजे पार्थिव, आणि त्याशेजारी बसलेले जवळचे लोक यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं तरच.

दफनभूमीत खाणंपिणं नाही, थडग्यांवर पाय नाही. बाहेर पडताना हातावर पाणी घ्यायचं असतं. स्मशानातून आल्यावर पाय धुणाऱ्यांना हे सांगायला नको, पण हात कॅमेऱ्यात अडकलेले असले की नेमकं तेच राहून जातं.

## टप्पा १०: त्याच रात्री

झोपण्याआधी दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर. मग फोटोंखालच्या ओळी, कारण सकाळपर्यंत नावं विसरतात. प्रत्येक निवडलेल्या फोटोला पूर्ण नाव, हापू, मराएचं नाव आणि प्रसंग लिहा. दीर्घ स्वरावरची रेघ, म्हणजे तोहुतो, गाळू नका. तिच्यानं अर्थ बदलतो. 'केके' म्हणजे केक, आणि दोन्ही स्वर दीर्घ केले की काख. नावाचे हिज्जे अंदाजानं लिहू नका, त्या माणसाकडून लिहून घ्या. 'एक माओरी वृद्धा' ही ओळ म्हणजे काम अर्धवट सोडल्याची कबुली आहे.

६०० मधून ६० ते ८० निवडा. डोळे मिटलेले, घास तोंडात असलेले, कपडे सरकलेले फोटो आत्ताच बाजूला काढा, पुढं कोणी मागितले तरी द्यायचे नाहीत.

## टप्पा ११: फोटो घेऊन परत जा

निवड ऑनलाइन टाकण्याआधी छापील किंवा टॅबवर घेऊन घरी जा. फोनवर पाठवलेल्या दुव्याला 'छान' एवढंच उत्तर येतं. एकत्र बसून पाहताना मात्र 'ही आत्ताच विभक्त झाली, हिचा नवऱ्यासोबतचा नको' असं कोणीतरी सांगतं. लहान मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना वेगळे दाखवा. काढून टाकायला सांगितलेले तिथल्या तिथं काढून टाका, कारण विचारू नका.

उरलेल्यांच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलीतच साठणाऱ्या माहितीत, वापराची अट लिहा, कारण फाइल पुढं जाते आणि कागद मागं राहतो. मराएला एक संपूर्ण संच आणि मोठ्या वयाच्या प्रत्येक माणसाला त्याचा एक छापील फोटो द्या.

वडीलधाऱ्यांच्या मूळ फाइली नावानं शोधता येतील अशा ठेवा, कापलेल्या किंवा लहान केलेल्या प्रती नव्हे. ८ बाय १० इंचाच्या चांगल्या छपाईला २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. त्यांच्यापैकी कोणी गेलं की दोन प्रकारचे फोन येतात. काहीजण तो फोटो थोडे दिवस सगळीकडून काढून ठेवायला सांगतात. काहीजण, बहुधा रात्रीच, पार्थिवाशेजारी ठेवायला चांगला फोटो मागतात, जो पुढं फारेनुईच्या भिंतीवरही लागू शकतो. तो एका तासात पाठवता यायला हवा.